गळ्यातली पेटी कोणी केली

आमच्या घरात मोडलेली वस्तू टाकून द्यायची पद्धत नव्हती, कारण बाबांचा लाखेवर गाढ विश्वास होता. आमच्या भागात पळसाला आणि कुसुमाला लाख धरते. गावातले लोक ती फांद्यांवरून खरवडून गोंदियाच्या कारखान्यांना घालत आणि घरापुरती बाबा मडक्यात राखून ठेवत. विळ्याची मूठ ढिली झाली की लाख. मायच्या पाटलीला पोचा आला की आत लाख. खाटेच्या पायाला चीर गेली, बाहुलीची मान तुटली, आरशाची चौकट उकलली, सगळ्यांवर बाबांचा तोच इलाज. ते चुलीपुढे उकिडवे बसत, निखाऱ्यावर लाख पघळवत, आणि फुंकर मारून झाली की म्हणत, "आता हे आपल्याले पोचवूनच तुटल." देवाने माणसाची हाडंही लाखेनेच जोडली असावीत, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

प्रतापगडाचा डोंगर आमच्या अंगणातून दिसायचा. घराच्या मागे तलावाची पाळ होती. आमच्याच कोण्या पणजोबांनी गावाला हाताशी घेऊन तो तलाव बांधला होता, आणि त्याच्या पाण्यावर धान आणि ऊस दोन्ही निघत. घरात आम्ही चौघंच: बाबा, माय, बाबांचे धाकटे भाऊ सुखदेव काका आणि मी. थोरली बहीण लग्न होऊन गेली होती. सकाळी ढेकीवर धान कांडल्याचा धप् धप् आवाज यायचा, त्यातच मायची जात्यावरची ओवी मिसळायची. दुपारी लाखोरीच्या डाळीचे वडे आणि भात, संध्याकाळी गुळाचा चहा. बाबांनी गुरू करून गळ्यात कंठी घातली होती, म्हणून घरात मासळी शिजत नसे. तलाव दारात असून आम्ही मासे खायचो ते मामाच्या घरी जाऊन, आणि बाबांना हे पक्कं ठाऊक होतं.

सुखदेव काका बोलताना अडखळत. शब्दाचं पहिलं अक्षर त्यांच्या ओठावर येऊन अडून बसे, मान ताठ होई, डोळे मिटले जात. लोकांना ते पाहवत नसे. म्हणून जो तो त्यांचं वाक्य आपणच पुरं करून टाकी. बाबा करत, माय करी, आणि मी तर त्यात पटाईत झाले होते. काकांनी "प" म्हटला की मी पाणी आणून द्यायची. बहुतेक वेळा बरोबर निघायचं. चुकलं तरी काका ते पाणी पिऊन घेत, कारण पुन्हा सुरुवात करण्यापेक्षा ते सोपं होतं. मात्र गाताना ते कधीच अडखळले नाहीत. असं का होतं ते तेव्हा कोणाला सांगता आलं नाही आणि आजही मला नीट कळलेलं नाही.

तरुणपणी काका दोन-तीन वर्षं गोंदियाला रेल्वेच्या शेडमध्ये कोळसा ओढत होते. तिथला एक गोरा गार्ड नोकरी संपवून आपल्या देशी निघाला, तेव्हा त्याने आपली गळ्यातली पेटी काकांना देऊन टाकली. काका रोज त्याच्या खोलीच्या पायरीवर बसून ती ऐकत, एवढीच काय ती ओळख. अकॉर्डियन हा शब्द मी पुष्कळ पुढे शिकले. आमच्या गावात ती गळ्यातली पेटीच होती. काळी, चकचकीत, एका बाजूला पांढरी बटणं, मधे लाल कापडी भाता, आणि समोर कलकत्त्याच्या दुकानाचं नाव कोरलेली पितळी पाटी. गावच्या दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या नाचगाण्याच्या खेळात, ढोलकी आणि झांजेच्या जोडीला काका ती पेटी घेऊन उभे राहिले की नाचणाऱ्या पोरांच्या पायांत निराळंच बळ येई. पेटी गळ्यात असताना कोणी काकांचं वाक्य पुरं करायला जात नसे.

आता मंडईचं सांगायला हवं. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, दंडार होते, लेकीबाळी माहेरी येतात, घरोघरी पाहुणे उतरतात, आणि खरं सांगायचं तर निम्मी लग्नं तिथंच ठरतात. कोणी कोणाला पाहिलं नाही असं दाखवत सगळे सगळ्यांना पाहून घेतात. काकांची तिशी उलटली होती. दोन ठिकाणी बोलणी होऊन मोडली होती, दोन्ही वेळा पाहुण्यांनी चार प्रश्न विचारले आणि उत्तरांची वाट न पाहता ते उठले. पण आदल्या वर्षीच्या मंडईत पलीकडच्या गावच्या डोमाजींची लेक अनसूया हिने काकांची पेटी ऐकली होती. आई लवकर गेल्याने बापाचं घर तीच सांभाळायची, त्यामुळे तिचंही लग्नाचं वय रीतीप्रमाणे मागे पडलं होतं. डोमाजींचा निरोप आला: यंदाच्या मंडईला लेकीला घेऊन येतो, पेटी ऐकू, मग बोलू. माय त्या दिवशी काकांना दोनदा वाढताना हसली. काका रोज तिन्हीसांजेला पाळीवर बसून पेटी वाजवू लागले.

कलकत्त्यावर जपानचे बॉम्ब पडले त्याच्या पुढचा उन्हाळा होता तो. वैशाखात आम्ही सगळे मामाच्या घरच्या लग्नाला गेलो. उंदरांच्या भीतीने मायने पेटी माळ्यावर, छपराच्या कवेलूंच्या अगदी खाली ठेवली. परत आल्यावर काकांनी ती गळ्यात घालून भाता ओढला, तर नुसता वारा सुटला आणि आत काहीतरी खळखळलं. त्यांनी स्क्रू काढून पेटी उघडली. आत सूर काढणाऱ्या पितळी पट्ट्या होत्या, प्रत्येकीला पोलादाची बारीक जीभ. त्या पट्ट्या लाकडावर मेणाने बसवलेल्या होत्या. उन्हाने मेण वितळलं होतं आणि पट्ट्या सगळ्या तळाशी घसरून पडल्या होत्या. फक्त डाव्या हाताकडची एक रांग जागेवर होती. काका कितीतरी वेळ त्या ढिगाकडे पाहत बसले.

"काऊन घाबरतोस?" बाबा म्हणाले. "लाख हाये ना."

दुसऱ्या दिवशी काका शेतावर गेले असताना बाबांनी सगळ्या पट्ट्या ओसरीवर मांडल्या, लहानापासून मोठ्यापर्यंत नीट ओळ लावली, आणि त्याच क्रमाने लाखेने पक्क्या बसवून टाकल्या. इतकं सुबक काम त्यांनी क्वचितच केलं असेल. काकांनी संध्याकाळी पेटी वाजवली तेव्हा काही सूर हंबरले, काही किंचाळले आणि बाकीचे मुके राहिले. लाखेचे थेंब जिभांवर ओघळले होते. बाबा लाखेचं मडकं बाजूला सारत म्हणाले, "ज्यानं केली त्यालेच ठाऊक राहल. त्याले शोधा." बाबांच्या तोंडून लाखेविरुद्ध निघालेलं हे पहिलं आणि शेवटचं वाक्य.

म्हणजे पेटी करणाऱ्याला शोधायचं. मार्ग दिसत होता, कारण नाव तर पेटीवरच कोरलं होतं. शाळेच्या मास्तरांकडून कलकत्त्याच्या त्या दुकानाला पत्र लिहवून घेतलं. रोवणी झाली, धान कंबरेएवढं झालं, उत्तर आलं नाही. मंडई जवळ येत चालली. शेवटी माय म्हणाली, "अर्धं कलकत्ता त गोंदियाले येऊन पडून राहिलं म्हन्तेत. तिकडंच जाऊन काऊन नाही पाहत?" बॉम्बच्या भीतीने पळालेली माणसं रेल्वेने आमच्याकडे उतरली होती, आणि तिकडे अन्नाचे हाल असल्याने पुष्कळजण परतलेही नव्हते. काकांनी पेटी धोतरात बांधली. बोलायला कोणीतरी हवं म्हणून मला बरोबर घेतलं. अर्जुनीहून आम्ही छोट्या लाइनच्या गाडीत बसलो. मी गोंदिया तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. सगळ्या गावाला विडीच्या पानांचा आणि गिरणीतल्या कोंड्याचा वास होता, आणि जो तो हिंदी बोलत होता.

बाजारात एका कापडवाल्याने पेटीवरची पाटी वाचून पाहिली आणि म्हणाला, "कलकत्तेवाले धर्मशाला में मिलेंगे, बेटी. वहीं बजाओ, कोई न कोई पहचान लेगा." धर्मशाळेच्या अंगणात बायका भांडी घासत होत्या. काकांनी पेटी गळ्यात घातली आणि जे काही सूर जिवंत होते तेवढ्यांवर एक चाल धरली. ती ऐकून आतून एक वाळकासा म्हातारा ओल्या हातांनी बाहेर आला. तोंडात विडी, डोळ्यांवर दोरीने बांधलेला चष्मा. त्याने पेटी मागून घेतली, पाटीवरून अंगठा फिरवला आणि हसू लागला.

"ये तो हमारे हाथ का है," तो म्हणाला.

मी ओरडलेच, "काका, यानंच केली."

"पेटी नहीं, बेटी. पाटी."

त्याचं नाव निताई मिस्त्री. कलकत्त्याच्या ज्या गल्लीत वाद्यांची दुकानं होती, तिथं मागच्या बाजूला त्याचा कारखाना होता आणि सगळ्या दुकानांचं हे काम तोच करी. जहाजाने परदेशातून पेट्या येत. त्यांच्यावर करणाऱ्याचं नाव असे. ते घासून काढायचं, पॉलिश मारायचं आणि ज्या दुकानाची मागणी असेल त्याची पाटी ठोकायची. गिऱ्हाइकाला वाटावं की पेटी दुकानानेच बनवली. त्याने खिशातून पेचकस काढून पाटी उतरवली. खाली लाकूड जरा फिकट होतं. अक्षरं होती अशी नुसती शंका यावी, इतकं गुळगुळीत.

"काय लिहिलं होतं?" मी विचारलं.

मिस्त्रीने मान हलवली. ती लिपी त्याला येत नव्हती. "कोई बोलता जर्मनी, कोई बोलता इटली. हम तो घिसता था, पढ़ता नहीं था." मग त्याने पेटी उघडली, आतली लाख पाहिली आणि विडी तोंडातून काढून खाली ठेवली. माणसं मेलेल्या माणसापुढे अशी विडी काढतात. मी त्याला सगळं सांगितलं. मंडई, डोमाजी, अनसूया, काही बाकी ठेवलं नाही. काका लाजून दुसरीकडे पाहत होते. मिस्त्री म्हणाला की पट्ट्या अजून वाचतील. लाख तापवून काढली तर जिभांचं पाणी उतरून पोलाद मऊ पडेल, पण दारूच्या अर्कात लाख विरघळते. पॉलिश करणाऱ्यांचा तो रोजचा धंदा. अडचण इतकीच की लढाईमुळे बाजारात स्पिरिटचा थेंब नव्हता.

काकांनी मान ताठ केली. "म... म..."

"मेण?" मी म्हणाले. "माप? मालक?"

काकांनी वैतागून अंगठा तोंडाकडे नेला आणि मान मागे टाकली. मोहाची दारू. मिस्त्री असा हसला की भांडी घासणाऱ्या बायकांनी वळून पाहिलं. दोनदा गाळलेली असेल तर चालेल, म्हणाला. धर्मशाळेत पडून राहण्यापेक्षा चार दिवस तुमच्याकडे येतो, भात घाला म्हणजे झालं.

आता कंठी घातलेल्या माणसाच्या घरात मोहाची दारू कशी आणायची, हा प्रश्न मायने सोडवला. गोंडटोल्यावरची जनाबाई मायची जिवाची मैत्रीण होती. तिने पहिल्या धारेची दारू पुन्हा गाळून मडकं गोठ्यात पोचवलं. बाबा ओसरीवर जप करत बसले होते. वास काही लपत नाही.

"हा कायचा वास येऊन राहिला?" बाबांनी विचारलं.

"औषध होय," माय म्हणाली.

"कोनाले?"

"पेटीले."

बाबा माळ हातात घेऊन उठले आणि उसाच्या वाडीत झोपडीत राहायला गेले. "औषध होय त होऊ द्या," जाताना म्हणाले. काम संपेपर्यंत माय त्यांचा डबा तिकडेच नेऊन देई. कंठीही राहिली आणि भाऊही. माझ्या बाबांचा मोठेपणा मला अशा ठिकाणी सापडतो.

गोठ्यात मिस्त्री एकेक पट्टी परळात भिजत घाली आणि लाख मऊ पडली की बांबूच्या काडीने उकलून काढी. म्हैस त्या वासाने फुरफुरायची. मग पट्टी तोंडाजवळ धरून तो हळूच फुंकी, काका सूर ओळखून मान हलवत, आणि तिची जागा ठरे. दोघांनाही बोलावं लागत नव्हतं, म्हणून काका खुशीत होते. जनाबाईने जंगलातल्या पोळ्याचं मेण आणलं. त्यात थोडी राळ घालून मिस्त्रीने ते मंद आचेवर एक केलं. उन्हाळा सोसायचा असेल तर राळ थोडी जास्त पाहिजे, म्हणाला. थंड देशातल्यांना आमचा वैशाख कुठून माहीत असणार.

एका दुपारी त्याने मला हाक मारली. डाव्या हाताकडची जी रांग न वितळता टिकली होती, ती त्याने उन्हाकडे धरली होती. जुन्या, काळपट मेणात कडेने बोटांचे ठसे होते. मेण गरम असताना कोणीतरी ते अंगठ्याने दाबून बसवत गेलं होतं. रेषा न् रेषा दिसत होती. "असली कारीगर यही है," तो म्हणाला. कारखान्यात पेटी दुरुस्तीला घेऊन येणाऱ्या एका साहेबाने त्याला सांगितलं होतं की तिकडे हे काम बायका आणि पोरी घरी बसून करतात. ठसा लहान होता. मी माझा अंगठा त्यावर ठेवून पाहिला. जवळजवळ तेवढाच. नाव मिस्त्रीने स्वतःच्या हाताने घासून टाकलं होतं, आणि ही मुलगी मात्र राहून गेली होती.

माय चहा घेऊन आली होती. तिने वाकून पाहिलं. संध्याकाळी बाबांच्या कानावर ही गोष्ट गेली तेव्हा त्यांनी झोपडीतून निरोप पाठवला की जर्मनी काय आणि इटली काय, दोघांशीही सरकारची लढाई झालेली आहे, तर ही दुश्मनाची पेटी तर नाही? मायने परत निरोप दिला, "पोरीचा अंगठा कायचा दुश्मन?"

पुढचं मेण मिस्त्रीने माझ्याकडून लावून घेतलं. त्याची बोटं जाड होती, पट्ट्यांच्या मधल्या फटीत बसत नव्हती. चटके बसत, पण सोडावंसं वाटलं नाही. परवा माझा नातू म्हणाला की अशा पेट्या करणारी गावं आता घरबसल्या शोधता येतात, शोधू का. मी नको म्हटलं. मला त्या मुलीचा पत्ता नको आहे. लढाईत तिचं काय झालं असेल, हे मात्र अजूनही कधीतरी भाजी निवडताना मनात येतं, आणि तिचे मनापासून उपकार वाटतात. निताई मिस्त्रीचेही. तो मंडईच्या आधीच रायपूरला कोणा नातलगाकडे गेला. मायने त्याला नव्या तांदळाचं गाठोडं दिलं. पाटी परत ठोकू का, असं त्याने जाताना विचारलं होतं. काकांनी हातानेच नको म्हटलं.

मंडईच्या दिवशी दुपारी दंडार उभी राहिली. काकांनी भाता ओढला आणि पहिलाच सूर इतका गोल, इतका भरीव आला की ढोलकीवाल्याने हात थांबवून मागे पाहिलं. बाबा कंठी सारखी करत गर्दीत सगळ्यांत मागे उभे होते, आणि त्यांचे डोळे भरले होते. डोमाजी आपल्या फेट्याखाली मान डोलवत होते. बायकांच्या घोळक्यात हिरव्या लुगड्यातली एक उंच, सावळी बाई न हसता, न डोलता ऐकत होती. मायने मला कोपराने ढोसलं. तीच अनसूया.

दंडार आटोपल्यावर पाहुणे घरी आले. चिवडा झाला, कानोले झाले, मी गुळाचा चहा आणून ठेवला. डोमाजी खूश होते. "पेटी बेस वाजोते," ते बाबांना म्हणाले. "मले पसंत हाये. आता तारीख काढा." बाबा हो म्हणणार, एवढ्यात मायच्या शेजारी बसलेली अनसूया बोलली. अशा बैठकीत मुलीने बोलायची रीत नव्हती. डोमाजींनी लेकीकडे पाहिलं, पण अडवलं नाही. त्यांच्या घरचा कारभार तिच्याच हातात होता.

"पेटी मी मागच्या साली पन आईकली आनि यंदा पन आईकली," ती काकांकडे पाहून म्हणाली. "मले तुमचं आईकाचं हाये. तुमाले हे लगन कराचं हाये, का तुमच्या दादानं ठरवलं म्हनून बसले?"

काकांच्या गळ्यात तेव्हा पेटी नव्हती. ती आत खाटेवर होती. त्यांची मान ताठ झाली, डोळे मिटले. "म... म..." बाबांनी घसा खाकरला आणि तोंड उघडलं. मायनेही उघडलं. माझ्या तर जिभेवर शब्द तयारच होता. अनसूयेने आमच्यापैकी कोणाकडे न पाहता हात वर केला आणि तसाच धरला. आम्ही तिघंही गप्प झालो. बाहेर मंडईचा गलका चालला होता, जिलबीवाला ओरडत होता. काकांच्या कपाळावर घाम आला. डोमाजी खाली पाहू लागले, बाबा आढ्याकडे. ती एकटी काकांच्या तोंडाकडे पाहत होती, एखाद्याला रस्त्याने येताना पाहावं तशी, घाई न करता. इतका वेळ आमच्यापैकी कोणी कधी थांबलं नव्हतं.

"म... मले," काका म्हणाले, "क... कराचं हाये. म... मागच्या मंडईपासून. प... पन मी असाच ब... बोलीन. ज... जनमभर."

अनसूयेने हात खाली घेतला. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे वळली.

"चहा निवला त्यांचा," ती म्हणाली. "दुसरा ठेव, बाई."

माझ्या काकीने मला सांगितलेलं ते पहिलं काम. मी धावतच चुलीकडे गेले.